वाहकांची बाजू

इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवर, चेव्हियट डोंगरांच्या उतारांवर, मेंढ्या वर्षाचा बराच काळ मोकळ्या चरतात. लोकर कातरायची असो, जंताचं औषध पाजायचं असो की कोकरं वेगळी काढायची असोत, पांगलेला कळप खाली आणावाच लागतो, आणि ते एकट्या माणसाच्या पायांना झेपणारं काम नाही. म्हणून मेंढपाळ कुत्रा सोडतो. हा कुत्रा, म्हणजे बॉर्डर कोली, कळपावर सरळ धावून जात नाही. लांबून मोठा वळसा घेऊन तो मेंढ्यांच्या पाठीमागे पोचतो, अंग जमिनीलगत आणतो, नजर रोखतो आणि न भुंकता त्यांना धन्याच्या दिशेनं चालतं करतो. लांडग्याच्या शिकारीचे टप्पे यात स्पष्ट ओळखू येतात: हेरणं, नजर लावणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग. चावा आणि जीव घेणं हे शेवटचे टप्पे मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून मागे सारले गेले आहेत. शिकाऱ्याचा आवेश शाबूत राहावा आणि मेंढीच्या अंगाला दात लागू नये, असा हा फार अवघड तोल आहे. तो आपोआप टिकत नाही. प्रत्येक पिढीत कोणता नर आणि कोणती मादी हे कुणीतरी विचारपूर्वक ठरवतं, तेव्हा टिकतो. असं ठरवणाऱ्याची जबाबदारी कोणती, हा या लेखाचा विषय. बहुतेकांना वाटतं, निर्दोष कुत्रे शोधायचे आणि त्यांचीच पिल्लं काढायची, झालं. मला हे उत्तर अपुरं वाटतं आणि काही वेळा घातकही वाटतं. दोष वाहणाऱ्या जनावराला योग्य जोडी देणं आणि सर्वोत्तम जनावराचा मोह आवरणं, या दोन गोष्टींत ही जबाबदारी सामावलेली आहे, आणि त्यांतली दुसरी गोष्ट माणसाला जास्त जड जाते.

मोहाचा इतिहास मोठा आहे, आणि तो कौतुकापासूनच सुरू होतो. 1873 साली वेल्समधल्या बाला इथे मेंढरं हाकणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा भरली. वेल्समध्ये राहणाऱ्या जेम्स थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाच्या ट्वीड या कुत्र्यानं ती जिंकली. त्यानंतर वीस वर्षांनी, 1893 मध्ये, नॉर्थम्बरलंडमधल्या अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे हेम्प जन्मला. त्याचा बाप रॉय स्वभावानं मोकळा, पण कामात बेताचा. आई मेग नको इतकी तीव्र आणि बुजरी. दोघांपैकी एकही आदर्श नव्हतं. टेल्फर यांनी दोन अपुऱ्या जनावरांची जोडी लावली, आणि एकाची उणीव दुसऱ्यानं भरून काढली. हेम्प शांतपणे, दरारा न दाखवता काम करी आणि मेंढ्या त्याचं ऐकत. तो 1901 मध्ये मेला तेव्हा सुमारे 200 पिल्लांचा बाप झालेला होता, असं मानलं जातं. आजच्या जवळजवळ प्रत्येक बॉर्डर कोलीच्या वंशावळीत तो कुठेतरी सापडतो. 1906 मध्ये इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली, नोंदवही आली, स्पर्धांना शिस्त आली. या संस्थेनं एक फार शहाणपणाची गोष्ट केली. कुत्रा दिसतो कसा याला तिनं जवळजवळ किंमतच दिली नाही. केस लांब की आखूड, कान उभे की पडलेले, रंग काळापांढरा की तिरंगी, याची पर्वा न करता तिनं कामाला मान दिला.

पण कामाला मान देणारी निवडसुद्धा आंधळी होऊ शकते. 1965 साली विस्टन कॅप नावाचा कुत्रा या संस्थेची सर्वोच्च स्पर्धा जिंकला, तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. दबा धरलेल्या पवित्र्यातली त्याची आकृती पुढे संस्थेच्या बिल्ल्यावर आली. शिकवायला सोपा, स्वभावानं गोड, देखणा आणि विजेता. आपल्या कुत्रीला त्याच्याकडे न्यायला कोण नको म्हणेल? त्याच्या पोरांतून तीन सर्वोच्च विजेते निघाले, नातवंडांतून आणखी तीन. आता त्याच्या मागची वंशावळ पाहा. सात पिढ्यांत पूर्वजांच्या एकूण 254 जागा असतात. त्यांपैकी 16 जागांवर एकच नाव येतं, जे. एम. विल्सन यांचा कॅप. म्हणजे विस्टन कॅप आधीच एका अरुंद वाटेनं आलेला होता, आणि पुढे सगळ्या जातीनं त्याच वाटेवर गर्दी केली. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. प्रत्येक मेंढपाळानं आपल्यापुरता उत्तम निर्णय घेतला. सगळ्यांचा तोच उत्तम निर्णय एकत्र आला, की जातीसाठी तो वाईट ठरतो.

तो वाईट का ठरतो, हे समजायला थोडं गणित करावं लागतं. अनेक आनुवंशिक आजार अप्रभावी जनुकांमुळे होतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असेल तर कुत्रा वाहक असतो, पण आयुष्यभर ठणठणीत राहतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच आजार होतो. समजा एखाद्या जातीत दहातला एक कुत्रा असा वाहक आहे. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या तर दोघेही वाहक निघण्याची शक्यता शंभरात एक, आणि अशा जोडीच्या पिल्लांतलं साधारण चौथं पिल्लू बाधित. म्हणजे एकंदर 400 पिल्लांमागे एक. आता समजा तो वाहक म्हणजे सगळ्यांना हवा असलेला विजेता नर आहे. बिघडलेली प्रत नसलेल्या कुत्र्यांना त्याच्यापासून झालेली साधारण निम्मी पिल्लं वाहक असतील. त्याची एक मुलगी आणि दुसऱ्या कुत्रीपासून झालेला त्याचा एक मुलगा, अशी सावत्र भावंडांची जोडी कुणी लावली, तर पिल्लू बाधित होण्याची शक्यता सोळात एक होते. 400 मागे एक आणि 16 मागे एक, म्हणजे पंचवीसपट फरक. जनुक तेच, आजार तोच. वाढला तो फक्त एका नरावरचा भर.

हे गणित कागदावरचं राहिलं नाही. बॉर्डर कोलीत सेरॉइड लिपोफ्युसिनोसिस नावाचा मज्जासंस्थेचा एक आजार आहे. पेशींत न विरघळणारा कचरा साठत जातो आणि मेंदू हळूहळू निकामी होतो. यातली क्रूर गोष्ट म्हणजे त्याची वेळ. पिल्लू साधारण दीड वर्षाचं होईपर्यंत अगदी निरोगी वाटतं. तोवर त्याचं शिक्षण झालेलं असतं, घराला त्याचा लळा लागलेला असतो. मग ते विनाकारण घाबरू लागतं, पायऱ्या चढताना अडखळतं, ओळखीच्या माणसांवर गुरगुरतं, त्याची नजर जाते. अडीच वर्षांच्या पुढे अशी कुत्री क्वचितच जगतात. 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात या जातीत हा आजार नोंदवला गेला आणि 2005 मध्ये त्यामागचा जनुकीय बिघाड सापडला. तेव्हापासून गालाच्या आतल्या बाजूनं काडी फिरवून घेतलेल्या नमुन्यावरून कुत्रा निर्दोष, वाहक की बाधित हे सांगता येतं. कोलीच्या डोळ्यांतल्या जन्मजात दोषासाठी आणि पिल्लांची प्रतिकारशक्ती कोलमडवणाऱ्या एका रक्तदोषासाठीही पुढच्या काही वर्षांत अशाच चाचण्या आल्या. आज एकही बाधित पिल्लू जन्माला येण्याचं कारण उरलेलं नाही. आई-बाप दोघांची चाचणी करा आणि दोन वाहकांची जोडी लावू नका, बस्स. चाचणी हाताशी असूनही जो ती करत नाही आणि पिल्लं विकतो, त्याला मी निष्काळजी म्हणणार नाही. तो दोषी आहे.

पण चाचणी हाती येताच नवा मोह जागा झाला. अहवालावर 'वाहक' असं छापून आलं की अनेकांनी ते जनावर प्रजननातून बाद करायला सुरुवात केली. कानाला हे स्वच्छ, जबाबदार वाटतं. पण वाहक आणि निर्दोष अशी जोडी लावली तर एकही पिल्लू आजारी होत नाही. निम्मी वाहक निघतात, निम्मी निर्दोष, आणि पुढच्या पिढीत त्याच गुणी घराण्यातलं निर्दोष पिल्लू निवडता येतं. म्हणजे दोष गळतो आणि घराणं राहतं. उलट वाहक सरसकट काढून टाकले तर दोषाबरोबर त्या जनावराची बाकीची हजारो जनुकंही जातात: पाय, छाती, नजर, स्वभाव, एखाद्या संसर्गाला तोंड देण्याची ताकद. रफ कोली या दुसऱ्या जातीचं उदाहरण इथे डोळे उघडणारं आहे. औषधं मेंदूत शिरू न देणाऱ्या एका जनुकातला बिघाड 2001 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सापडला. हा बिघाड असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनसारखं औषध मोठ्या मात्रेत मिळालं तर ते विषासारखं काम करतं, आणि मेंढ्यांच्या जंतांवर नेमकं हेच औषध दिलं जातं, त्यामुळे मेंढवाड्यात सांडलेला डोससुद्धा धोक्याचा. रफ कोलीत दहांपैकी साधारण सात कुत्र्यांत या जनुकाची निदान एक तरी बिघडलेली प्रत असते. अशा सगळ्यांना बाद करायचं ठरवलं तर उरलेल्या तिघांवर अख्खी जात उभी करावी लागेल, आणि काही पिढ्यांत त्या तिघांचे आज ठाऊक नसलेले दोष सगळीकडे पसरतील. बिघाड माहीत असणं, डॉक्टरला सांगणं, औषध सांभाळून देणं आणि जोड्या शहाणपणानं लावून त्याचं प्रमाण हळूहळू खाली आणणं, हाच मार्ग उरतो.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो. दोष माहीत असताना तो पुढच्या पिढीत जाऊच का द्यायचा? आज वाहक सोडला, आणि वीस वर्षांनी कुणा बेफिकीर माणसानं त्याच्या दोन वाहक वंशजांची जोडी लावली, तर जबाबदारी कोणाची? आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच वाहक पिल्लाबरोबर त्याचा अहवाल गेलाच पाहिजे आणि नोंदवहीत ती गोष्ट कायमची उघड राहिली पाहिजे. पण ज्याला आपण निर्दोष म्हणतो तो कुत्रा फक्त त्या चार-सहा चाचण्यांपुरता निर्दोष असतो. ज्यांच्यासाठी चाचणीच निघालेली नाही, असे बिघाड प्रत्येक प्राण्यात असतात, माझ्यात आणि वाचकातही. निर्दोष हा शब्द अहवालावर वाचून एकाच नराकडे झुंबड उडाली, तर ज्ञात दोषाच्या जागी अज्ञात दोष येऊन बसेल, इतकंच. ब्रिटनच्या केनेल क्लबनं 2009 पासून बाप-मुलगी, आई-मुलगा आणि सख्खी भावंडं यांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली, ती याच भीतीमुळे, आणि तीही आदल्या वर्षी दूरचित्रवाणीवरच्या माहितीपटातून शुद्ध जातींच्या कुत्र्यांचे हाल लोकांसमोर आल्यावर. उशिरा सुचलेलं का होईना, ते योग्यच होतं. तरी सावत्र भावंडं त्या बंदीत नाहीत, आणि लोकप्रिय नराच्या पिल्लांची संख्याही त्यात मोजली जात नाही.

दुसरा आक्षेप मेंढपाळांचा, आणि तो मला अधिक भारदस्त वाटतो. ते म्हणतात, आमची चाचणी डोंगर घेतो. दिवसभर दगडधोंड्यांतून धावणारा कुत्रा लंगडा असेल तर आठवड्यात कळतं. आंधळा, बहिरा, भित्रा असेल तर त्याहून लवकर. प्रयोगशाळेचे कागद लागतात ते प्रदर्शनवाल्यांना. यात बरंच खरं आहे. केनेल क्लबनं 1976 मध्ये या जातीला मान्यता दिली आणि 1995 मध्ये अमेरिकन केनेल क्लबनंही दिली, तेव्हा काम करणारी कुत्री पाळणाऱ्यांनी कडाडून विरोध केला. रूपाच्या प्रदर्शनात अजिंक्य ठरलेल्या कुत्र्याचं नाव अमेरिकन बॉर्डर कोली असोसिएशन आपल्या वहीतून काढून टाकते. हा विरोध अडाणीपणाचा नव्हता. जर्मन शेफर्ड हाही मुळात मेंढ्यांमागे चालणारा कुत्रा. 1899 साली माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी त्याची जात नोंदवली ती कामाच्या गुणांवर. पुढे प्रदर्शनांनी त्याच्या काही घराण्यांची पाठ उतरती करून टाकली, मागचे पाय असे दुमडले की 2016 च्या क्रफ्ट्स प्रदर्शनात जातीत पहिली आलेली कुत्री धड चालू शकत नाही म्हणून प्रेक्षक संतापले. शिवाय इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटीत आजही कागद नसलेल्या कुत्र्याला गुणवत्तेवर नोंदवून घ्यायची सोय आहे. तो कामात पारखला गेला आणि तब्येतीच्या तपासणीत उतरला, तर बाहेरचं रक्त आत येऊ शकतं. दार असं किलकिलं ठेवणं मला कोणत्याही एका चाचणीपेक्षा मोलाचं वाटतं.

तरीही डोंगराची परीक्षा सगळं पाहू शकत नाही, कारण ती फार लवकर होते. विस्टन कॅप दोन वर्षांचा होण्याआधी जिंकला; पण खुब्याचा दोष अनेकदा सांधा झिजल्यावर दुखू लागतो, आणि फेफरं बहुधा एक ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं. बॉर्डर कोलीतलं फेफरं तर औषधांना दाद न देणारं म्हणून कुप्रसिद्ध आहे. त्यासाठी भरवशाची जनुकीय चाचणी नाही. खुब्याचा दोषही एका जनुकाचा खेळ नाही. अनेक जनुकं, वाढीच्या वयातलं वजन आणि व्यायाम यांचा तो एकत्रित परिणाम असतो. ब्रिटनमध्ये क्ष-किरण चित्रावरून दोन्ही खुब्यांना मिळून शून्य ते 106 गुण देतात, जितके कमी तितके चांगले, आणि ते उपयोगी आहे. पण चांगल्या गुणांच्या जोडीलाही अधूनमधून वाईट खुब्याचं पिल्लू होतं. अशा आजारांवर एकच खरा उपाय आहे, वाट पाहणं. दोन वर्षांच्या विजेत्याऐवजी सात-आठ वर्षांचा, अजून डोंगर चढणारा, ज्याची भावंडं आणि थोरली पोरं कशी निघाली हे दिसलेलं आहे, असा नर वापरावा. त्याचं नाव कमी गाजलेलं असेल, पण त्याच्याबद्दलची माहिती खरी असते.

एका बाबतीत मात्र वाद घालण्यासारखं काही नाहीच. राखाडी-निळसर ठिपक्यांचा 'मर्ल' रंग एका प्रभावी जनुकामुळे येतो. त्याची एक प्रत असली तर कुत्रा देखणा दिसतो. दोन मर्ल कुत्र्यांची जोडी लावली तर चौथ्या पिल्लात दोन प्रती येतात, आणि अशी बरीचशी पिल्लं जवळजवळ पांढरी, बहिरी, कधी अविकसित डोळ्यांची निघतात. केनेल क्लबनं अशा जोडीच्या पिल्लांची नोंदणी थांबवली आहे. इथे धोका बहुतेक वेळा डोळ्यांनाच दिसतो, चाचणीची गरज क्वचितच पडते. रंगाच्या किमतीसाठी तो पत्करणाऱ्याला क्षमा नाही.

आणि मग सगळ्यात मोठा आक्षेप, जो आपल्याकडे हमखास येतो: रस्तोरस्ती इतकी बेवारस कुत्री असताना मुद्दाम पिल्लं काढायचीच कशाला? चेव्हियटच्या मेंढपाळाला याचं उत्तर आहे. नजरेनं कळप वळवणारा कुत्रा दुसरीकडे कुठे मिळत नाही, आणि तो नसेल तर त्या डोंगरावर मेंढ्या पाळणंच अवघड होतं. आपल्या धनगरांचीही कुत्री असतात, पण त्यांचं मुख्य काम राखणीचं, रात्री लांडग्यापासून वाडा सांभाळायचं. त्यांची निवड वेगळ्या गरजेतून झाली आणि कोणत्याही वहीविना ती टिकली. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये मात्र ना मेंढ्या आहेत ना लांडगा. तिथे बॉर्डर कोलीची रोखलेली नजर सायकलींवर, धावणाऱ्या मुलांवर आणि भिंतीवरच्या सावल्यांवर जाते, आणि दाट केसांचा तो जीव एप्रिल-मेच्या उन्हात धापा टाकत राहतो. अशा घरांसाठी पिल्लं काढणाऱ्यापुढे हा आक्षेप जवळजवळ पूर्ण उभा राहतो, आणि मला त्याचं समाधानकारक उत्तर देता येत नाही. ज्या घराला पिल्लू पेलणार नाही त्याला नाही म्हणणं, हाही पैदास करणाऱ्याच्याच कामाचा भाग आहे.

भारतात 2017 पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम लागू आहेत. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, कुत्री दीड वर्षाची होण्याआधी तिला जोडी द्यायची नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वीण नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाहीत, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. शेवटच्या नियमामागे पक्कं शास्त्र आहे. अमेरिकेतल्या जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ अभ्यासातून दिसलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसांना आणि जगाला आपलं मानायला शिकतं. त्या काळातला पहिला वाटा आई आणि भावंडांजवळ, माणसांच्या हातांत गेला पाहिजे. आधीच तीव्र आणि हळव्या असलेल्या या जातीत बंद पिंजऱ्यातलं पिल्लू आयुष्यभर भित्रं राहू शकतं, मग त्याचे जनुकीय अहवाल कितीही स्वच्छ असोत.

हे सगळं महाग पडतं, हे खरं आहे. चाचण्या, क्ष-किरण, पाच-सहा वर्षांची वाट, नाकारलेली गिऱ्हाइकं, कमी विणी. पण पैसा खर्च होणारच असतो. तो पैदास करणाऱ्यानं आधी केला नाही तर घेणारा नंतर दवाखान्यात करतो, आणि वेदना कुत्र्याच्या वाट्याला येतात. म्हणून घेणाऱ्याच्या हातातही बरंच आहे. पिल्लू पाहायला जाल तेव्हा आईला पाहा, ती माणसाजवळ येते का ते पाहा. आई-बाप दोघांचे अहवाल मागा, आणि एखाद्यावर 'वाहक' लिहिलेलं असेल तर दचकू नका, जोडीदाराचा अहवाल वाचा. बाप किती वर्षांचा आहे, त्याची आतापर्यंत किती पिल्लं झाली, हे विचारा. आकडा मोठा असेल तर दुसरीकडे चौकशी करा. पिल्लू नाही पेललं तर परत घ्याल का, हेही विचारा. आणि तुमच्या घराची, वेळेची, अंगणाची उलटतपासणी न घेता जो लगेच पैसे मोजून घेईल, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका.